दैवाला किती दोष देणार?

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात कटंगी नावाचे तालुक्याचे गाव आहे. आमच्या किनारपट्टीवरील वाचकांपैकी फारच थोड्यांनी ते पाहिले असेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बालाघाट आणि भंडारा हे जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात नांदत होते. पुढे मध्ये राज्याची सीमा पडली, तरी सोयरीक, बाजार आणि दवाखाना या तिन्ही बाबतींत तिकडच्या माणसांनी ती फारशी मानली नाही. कटंगीच्या एका अंगाला तिरोडीची मँगनीजची खाण आहे. दुसऱ्या अंगाला वारासिवनी आणि बालाघाटचा भाताचा मुलूख पसरलेला आहे. पश्चिमेकडे सिवनी जिल्ह्यातून नागपूर-जबलपूर हा राष्ट्रीय महामार्ग गेला आहे. अशा ठिकाणी मालमोटारी, प्रवासी गाड्या, भाताने भरलेले ट्रॅक्टर, सायकली आणि पायी चालणारी माणसे या सर्वांना एकच रस्ता वाटून घ्यावा लागतो, आणि त्या वाटणीत कोणाच्या वाट्याला काय येते हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

कटंगीला काही अघटित घडले म्हणून आम्ही आज तिचे नाव घेत आहोत, असे नव्हे. तेथून काही बातमी आली नाही, म्हणूनच ते घेत आहोत. द्रुतगती मार्गावर आलिशान मोटार दुभाजकावर आदळली की तिचे छायाचित्र आम्ही पहिल्या पानावर छापतो. कटंगीसारख्या गावाच्या शिवारात संध्याकाळी बाजार आटोपून परतणारा सायकलस्वार मालमोटारीखाली सापडला, तर त्याची दखल जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत संपते, आणि आमच्यासारख्या दूरच्या पत्रांत तर तेवढीही जागा त्याला मिळत नाही. आम्ही हा दोष स्वतःच्या पदरी घेऊनच पुढचे लिहीत आहोत. कारण या देशातील रस्त्यांवर जो संहार चालला आहे त्याचे खरे रणक्षेत्र मुंबई किंवा पुणे नसून अशा शेकडो कटंग्या आहेत.

आकडे रुक्ष असतात, पण या प्रश्नात त्यांच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे प्रेतांकडे पाठ फिरवणे होय. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६२ आणि तासाला एकोणीस. महाराष्ट्राचा वाटा त्यात पंधरा हजारांहून अधिक होता, आणि मध्य प्रदेशचा तेरा हजारांहून अधिक. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा हिस्सा शेकडा दोनच्या आसपास. परंतु मृत्यूंमध्ये त्यांचा हिस्सा शेकडा ३६ होता. मेलेल्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते आणि शेकडा १९ हून अधिक पायी चालणारे. दोनतृतीयांशांहून अधिक मृत्यू ग्रामीण भागात झाले, आणि जवळजवळ तितकेच बळी अठरा ते पंचेचाळीस या कर्त्या वयाचे होते.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. वाहन जितके मोठे तितका त्याचा रस्त्यावरील अधिकार मोठा, अशी एक अलिखित घटना आपण महामार्गांवर लागू केली आहे. मालमोटार बसला जुमानत नाही, बस मोटारीला जुमानत नाही, मोटार दुचाकीला जुमानत नाही, आणि पायी चालणाऱ्याला तर कोणीच जुमानत नाही. बळी तो कान पिळी ही म्हण आपल्या पूर्वजांनी निषेधासाठी योजली होती. आपण तिला रहदारीचा नियम करून टाकले आहे.

या बेदरकारीची रूपे वाचकांना नव्याने सांगावयास नकोत, कारण प्रत्येकाने ती पाहिली आहेत आणि अनेकांनी आचरिलीही आहेत. वळणावर, समोरचे काही दिसत नसताना, पुढच्या वाहनाला मागे टाकण्याचा अट्टाहास. रात्री समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील असा प्रखर झोत खाली न घेण्याची मिजास. दुभाजकातील पुढच्या फटीपर्यंत एक किलोमीटर जावे लागू नये म्हणून उलट्या दिशेने गाडी हाकणे. बंद पडलेली मालमोटार दिवा किंवा इशाऱ्याची खूण न ठेवता भर रस्त्यात सोडून चहाला जाणे. एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात मोबाइल. एके काळी रात्री निघालेल्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असे. गाडीवान निरक्षर असला तरी मागून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे, एवढे त्याला कळत होते. आज सुगीच्या दिवसांत भाताने किंवा उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली मागे तांबडा दिवा तर सोडाच, पण चकाकणारी साधी पट्टीसुद्धा न लावता महामार्गावर येते. गाडीला यंत्राचे बळ आले, आणि कंदिलामागची समज मात्र वाटेत कोठे तरी सांडली.

या गोष्टींना आपण अपघात म्हणतो. शब्द सोयीचा आहे. वीज पडावी, दरड कोसळावी, तसे काही तरी आकाशातून आले आणि त्यात माणूस गेला, असा भास त्यातून उत्पन्न होतो. मग ‘त्याची वेळ भरली होती’ असे म्हणावयास नातलग मोकळे, मदत जाहीर करावयास सरकार मोकळे, आणि पुढच्या खेपेला निघावयास वाहनाचा मालक मोकळा. वास्तविक गेल्या काही वर्षांतील गाजलेल्या दुर्घटना नीट तपासून पाहिल्या तर त्यांत दैवाचा हात फार थोडा आणि माणसाचा फार मोठा दिसतो.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी जळून मेले. टायर फुटला असे प्रथम सांगण्यात आले. परिवहन खात्याच्या तपासणीत त्याला आधार मिळाला नाही. संशयाचा रोख चालकाला लागलेल्या डुलकीकडे वळला. बस दरवाजाच्या अंगावर पडल्यामुळे आतल्यांना बाहेर येण्यास वाट उरली नाही. रात्रभर बस चालवणाऱ्या माणसाला किती विश्रांती मिळते हे पाहण्याचे काम दैवाचे होते काय? सरळसोट, निर्मनुष्य, रात्री गुंगी आणणाऱ्या अशा रस्त्याच्या कडेला थांबण्याच्या सोयी आधी कराव्यात आणि मग तो खुला करावा, हे ठरवणे कोणाच्या हाती होते? समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी समारंभपूर्वक खुला झाला. समारंभाला जी घाई होती ती सोयींना नव्हती.

त्याआधी ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्याला धडकली. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेले दोघे, ज्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, ते गेले. मागच्या आसनावरील प्रवाशानेही पट्टा बांधावा हा नियम त्या दिवशी अस्तित्वात नव्हता काय? होता. तो पाळावा असे कोणाला वाटले नव्हते, आणि पाळला जातो की नाही हे कोणी पाहिले नव्हते, एवढेच. एक नामवंत गेल्यावर देशाला त्या नियमाची आठवण झाली, पंधरा दिवस चर्चा झाली, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्याच पुलाशी रस्ता एकाएकी अरुंद होत होता, हीही गोष्ट त्यानंतर उजेडात आली. चालकाची चूक आणि रस्ता बांधणाऱ्याची चूक हातात हात घालून चालतात, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता पुन्हा कटंगीच्या बाजूला येऊ. कटंगीच्या दक्षिणेचा शेजार म्हणजे भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली राज्य परिवहनाची शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यातील डव्वा गावाजवळ उलटली आणि दहापेक्षा अधिक प्रवासी प्राणास मुकले. समोर आलेल्या दुचाकीला चुकवण्याच्या प्रयत्नात बसचा तोल गेला, असे त्या वेळी सांगण्यात आले. दोष नेमका किती कोणाचा हे ठरवणे आमचे काम नाही. परंतु वाचकांनी एवढाच विचार करावा की, ज्या वेगात एक दुचाकी चुकवताना भरलेली बस उलटते, तो वेग त्या रस्त्याचा होता काय? आपल्या गावच्या रस्त्यांवर दुचाकी येणार, गुरे येणार, पोरे येणार, हे गृहीत धरूनच वेग ठरला पाहिजे. रस्ता मोकळा मिळेल असे गृहीत धरून वाहन हाकणारा चालक कितीही निष्णात असला, तरी तो इतरांचे प्राण पणाला लावून जुगार खेळत असतो.

या दृष्टीने आमच्या कोकणाने कटंगीला काही शिकवावे अशी स्थिती नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली हाती घेतले गेले आणि दशक उलटून गेले तरी ते रखडतच राहिले. १९ जानेवारी २०२३ रोजी माणगावजवळ रेपोली येथे गुहागर तालुक्यातील नातेवाईक मंडळींनी भरलेली मोटार मालमोटारीला धडकली आणि एका घडीत घरेच्या घरे उजाड झाली. गणपतीला आणि शिमग्याला गावी निघणारा चाकरमानी आज घरातून पाय काढताना देवापुढे जे मागणे मागतो त्यात पहिले मागणे वाटेतल्या प्रवासाचे असते. रस्ता अर्धा बांधून तसाच ठेवला की चालकाला चार पदरी वेगाची सवय लागते, आणि पाच किलोमीटरनंतर तोच वेग दुपदरी वळणावर त्याच्या जिवावर उठतो. हा दोष मात्र चालकाच्या माथी मारून खात्याला मोकळे होता येणार नाही.

अतिवेग हे मृत्यूचे प्रमुख कारण असल्याचे सरकारी अहवाल सांगतो. २०२२ साली शेकडा ७१ मृत्यू त्या सदरात दाखवले गेले. हे खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. पंचनाम्याच्या कागदावर ‘अतिवेग’ हा शब्द लिहिला की तपास संपतो. रस्त्याचा उतार, नसलेला दिवा, पुसलेला पट्टा, थकलेला चालक, झिजलेले टायर, परवान्याच्या परीक्षेतील वशिला, यांपैकी कशाचाच शोध मग घ्यावा लागत नाही. सर्व कारणांवर एकच कारण पांघरणे ही तपासाची पद्धत नव्हे, ती तपास टाळण्याची पद्धत आहे.

थकलेल्या चालकाचेच पाहा. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली होती. साठ वर्षांत ही मर्यादा महामार्गावरील किती मालमोटारचालकांच्या कानी गेली असेल? त्याला मजुरी खेपेवर मिळते, तासावर नाही. माल वेळेत पोचला नाही तर कपात त्याच्या पगारातून होते. तो जागे राहण्यासाठी काय घेतो आणि झोप येण्यासाठी काय घेतो, हे महामार्गावरील प्रत्येक धाब्याला ठाऊक आहे. अशा माणसाच्या हातून कोणी मेले तर तुरुंगात तो जातो. ज्याने त्याला विश्रांतीवाचून पुढच्या खेपेला पाठवले तो मालक विम्याचे कागद भरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी असे आम्ही म्हणत नाही, कारण चालकही संन्यासी नाही. परंतु अपराधाचे दोन भागीदार असताना शिक्षा एकालाच व्हावी, यात न्याय कोणता?

हाच प्रश्न जानेवारी २०२४ मध्ये तीव्रतेने पुढे आला. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, बेदरकारपणे वाहन चालवून माणसाला ठार करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. मालमोटारचालकांनी संप पुकारला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि दोन दिवसांत सरकारने चर्चेवाचून हे पोटकलम लागू करणार नाही असे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ रोजी संहिता अंमलात आली ती हे पोटकलम वगळूनच. जमावाच्या मारहाणीच्या भीतीने आम्ही पळतो, असे चालकांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. अपघातस्थळी न्यायाधीश होऊन चालकाला ठेचणारा जमाव हाही महामार्गावरील बेदरकारीचाच एक प्रकार आहे. पण कायद्याचे म्हणणे घटनास्थळीच थांबून मार खा असे नव्हतेच. पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना कळवा एवढेच होते. रस्त्याच्या कडेला रक्त वाहणारा माणूस आणि पळून जाणारी गाडी, या दोहोंमध्ये सरकारने कोणाची बाजू घ्यावी याचा निर्णय संपाच्या भीतीने व्हावा, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही.

दंडाच्या बाबतीतही हेच घडले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. चालवताना हातात मोबाइल धरणे आणि उलट्या दिशेने जाणे यांचाही त्यात समावेश झाला. राज्ये मात्र बिचकली. गुजरातने दंड कमी केले. विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्राने वाढीव दंड रोखून धरले, आणि ते येथे लागू व्हावयास २०२१ चा डिसेंबर उजाडला. मतदाराचा रोष नको म्हणून मतदाराच्या प्राणावर पाणी सोडणे, याला लोकशाही म्हणावयाचे असेल तर तिची व्याख्या एकदा तपासून घेतली पाहिजे.

तथापि केवळ शिक्षा कडक केल्याने रस्ते सुरक्षित होतील, या भ्रमात आम्ही नाही. शिक्षेची तीव्रता माणसाला आवरत नाही. तिची खात्री आवरते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. दोघेही कटंगी ज्या राज्यात आहे त्या मध्य प्रदेशचे होते. वाहन चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलास प्रथम जामीन मिळाला तो अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह; रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पुढे सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचा निर्णय न्यायालय करील. लोकांच्या मनात मात्र त्या रात्रीपासून एक गोष्ट पक्की बसली की, रस्त्यावरचा कायदाही गाडीची किंमत पाहून वागतो. अशी समजूत रुजली की गरीबही नियम पाळत नाही. कारण पाळणारा मूर्ख ठरतो.

मग उपाय काय? तो अशक्य कोटीतला नाही, याचा पुरावा आपल्या दारातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मृत्युमुखी पडली होती. त्यानंतर शासन, महामार्ग पोलीस आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांनी मिळून धोक्याच्या जागा एकेक करून हेरल्या, कठडे दुरुस्त केले, खांबांना आवरण घातले, उभ्या वाहनांवर कारवाई केली, रुग्णवाहिका लवकर पोचेल असे पाहिले. आणि पुढील काही वर्षांतच हा आकडा शंभराच्या खाली आला. २०२४ साली तेथे वेग टिपणारे कॅमेरेही बसले. शंभराच्या खालचा आकडा म्हणजे समाधान नव्हे. पण जो मृत्यू प्रयत्नाने टळतो तो दैवाने आला असे म्हणता येत नाही, हे मात्र त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

परदेशाचा दाखला हवाच असेल तर तोही आहे. ब्रिटनने १९६७ साली श्वासपरीक्षा आणून दारूच्या प्रमाणाला नेमकी मर्यादा घातली, आणि तेथील मद्यपी चालकाला पकडले जाण्याची धास्ती प्रथमच वाटू लागली. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली असे धोरण स्वीकारले की, माणूस चुकणारच. त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, एवढी काळजी रस्ता बांधणाऱ्याने घेतली पाहिजे. भारतात रक्तातील मद्याची मर्यादा शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम, म्हणजे ब्रिटनने त्या वेळी घातलेल्या ऐंशी मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा किती तरी कडक आहे. आपले कायदे सौम्य आहेत म्हणून माणसे मरत नाहीत; कडक कायदे आणि सैल हात यांच्या मधल्या फटीत ती मरतात.

द्रुतगती मार्गाला जे मिळाले ते कटंगीला मिळणार आहे काय, हा आमचा खरा प्रश्न आहे. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून नेताना वन्य प्राण्यांना जाता यावे म्हणून रस्ता उंच उचलून त्याखाली मोकळ्या वाटा ठेवल्या गेल्या. हे अत्यंत योग्य झाले. न्यायालयीन लढ्यानंतर का होईना, पण झाले. मात्र वाघाला जी वाट आपण विचारपूर्वक करून दिली, ती शाळेतून घरी जाणाऱ्या पोराला का मिळू नये? राज्य महामार्ग गावातून जातो तेथे वेग आपोआप उतरावा असे उंचवटे, पायी चालणाऱ्यांसाठी पदपथ, बाजारापुढे दिवे, शाळेपाशी ओलांडण्याची खुणेची जागा, ट्रॉलीला मागून चकाकणारी पट्टी लावल्यावाचून तिला मंडईत प्रवेश नाही असा नियम, आणि मालमोटारींना रात्री विसावा घेता येईल असे वाहनतळ: यांपैकी एकही गोष्ट अब्जावधींची नाही. एका उद्घाटनाच्या मंडपाच्या खर्चात यांतील बरीच कामे उरकतील. ती होत नाहीत, कारण त्यांना फीत कापावी लागत नाही.

जखमीचे काय? कटंगीच्या बाजूचा गंभीर जखमी बालाघाटला न्यावा, की सीमा ओलांडून गोंदियाला किंवा नागपूरला, हा निर्णय घेण्यातच मोलाचा पहिला तास निघून जाण्याची भीती असते. मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचे संरक्षणही मिळाले. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत बिनपैशाने उपचार देणारी योजना केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केली. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण गावच्या पोलीस पाटलाला, रिक्षावाल्याला आणि महामार्गावरच्या चहावाल्याला त्या ठाऊक नसतील, तर त्या राजपत्रातच सुरक्षित राहतील आणि माणूस रस्त्याकडेलाच राहील. जखमीला सीमा नसते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी सीमाभागातील रुग्णालयांची आणि रुग्णवाहिकांची एकत्र आखणी केली पाहिजे. बावनथडीच्या पाण्यासाठी ही दोन राज्ये एकत्र येऊन कटंगीच्या मुलखात धरण बांधू शकली, तर रक्त थांबवण्यासाठी एकत्र येणे त्यांना अवघड वाटू नये.

सरकारला एवढे सुनावल्यावर वाचकांना मोकळे सोडणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. रात्रीच्या बसमध्ये चालक मोबाइलवर बोलत असताना चाळीस प्रवासी गप्प बसतात. लग्नाच्या वऱ्हाडाला उशीर होतो म्हणून वडीलधारी माणसेच चालकाला ‘जरा दामटा’ म्हणतात. सोळा वर्षांच्या मुलाने गाडी चालवली याचे कौतुक घरातच होते, आणि शिरस्त्राण न घालता सापडलेल्या भाच्याला सोडवण्यासाठी मामा नगरसेवकाला फोन करतो. तो फोन आणि ती वाहवा यांतूनच उद्याचा पंचनामा लिहिला जात असतो. आपल्या परंपरेत सारथ्याला मोठा मान आहे, आणि तो वेगासाठी नाही. रथातल्यांचे प्राण त्याच्या हाती असतात व त्याचे भान त्याला असते, यासाठी तो आहे. ते भान आज गाडीत बसलेल्यांनीच सारथ्याला द्यावयाचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. रस्त्यावरचा प्रत्येक मृत्यू हा कोणाच्या तरी निर्णयाचा परिणाम असतो. कोणी वेग ठरवलेला असतो, कोणी विश्रांती नाकारलेली असते, कोणी दिवा लावलेला नसतो, कोणी दंड माफ केलेला असतो. हे निर्णय बदलता येतात. पण ते बदलावयाचे तर प्रत्येक मृत्यूनंतर ‘नशीब’ हा शब्द उच्चारण्याची आपली सवय आधी मोडली पाहिजे, आणि त्या जागी ‘कोणामुळे?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. समृद्धीवरच्या पंचवीस जणांसाठी तो थोडा तरी विचारला गेला. कटंगीच्या वाटेवर एकट्याने मरणाऱ्या सायकलस्वारासाठीही तो तितक्याच आग्रहाने विचारला जाईल, तेव्हाच हे रस्ते सर्वांचे झाले असे म्हणता येईल.